कडक उन्हात, आडरानात, एकट्यानं सायकलवरून मुक्कामाला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसा पारा ३८-४० अंशांच्या पुढे जातो आणि पुढचं पाणी किंवा पुढचा माणूस भेटायला एक-दोन दिवस लागतात, अशा भागात सायकल, तंबू आणि आपण एकटे. हे प्रश्न तेवढ्यापुरते आहेत. थंड हवेतल्या किंवा गावं लागत जाणाऱ्या रस्त्यावरच्या प्रवासाला यातलं बरंचसं लागू नाही. उत्तरं माझ्या अनुभवातून आणि उष्णतेत शरीर कसं वागतं याच्या अभ्यासातून आली आहेत. पाण्याच्या उत्तरांवर जास्त लिहिलंय, कारण बाकीच्या चुका बहुतेक वेळा निस्तरता येतात.

रोज किती पाणी लागतं?

उन्हात सायकल चालवताना बहुतेकांना तासाला अर्धा ते दीड लिटर घाम येतो. चढ, वाळू आणि सामान यांची भर पडली की काहींना दोन लिटरपर्यंतही जातो. मी स्वतःसाठी असा हिशेब धरते: सकाळच्या पाच तासांसाठी पाच लिटर, दुपारी सावलीत आणि रात्री मिळून तीन लिटर, स्वयंपाक आणि हात-तोंड धुण्यासाठी एक लिटर. म्हणजे दिवसाला नऊ.

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. दोन दिवसांचं पाणी घेतलं की अठरा किलो फक्त पाणीच झालं. तीन दिवसांचं नेता येतं, पण मग वाळूत सायकल ढकलावी लागते, वेग निम्म्यावर येतो आणि तीन दिवसांचा रस्ता चार दिवसांचा होतो. म्हणून नकाशावर मी आधी अंतर मोजत नाही. पाण्याच्या जागांवर खुणा करते आणि दोन खुणांमध्ये किती तास जातील ते बघते. डांबरी रस्त्यावर ८० किलोमीटर सहज कापणारा माणूस मऊ वाळूत ३० वर अडकतो.

नकाशातली पाण्याची खूण म्हणजे पाणी नव्हे. टाकी कोरडी असते, हातपंप मोडलेला असतो, झरा आटलेला असतो. त्या जागी गेल्या पंधरवड्यात जाऊन आलेल्या माणसाशी बोलणं झालं नसेल, तर तिथं पाणी नाही असंच समजून निघा.

एवढं पाणी सायकलवर ठेवायचं कसं?

एकाच पिशवीत कधीही नाही. हे मी एका दुपारी शिकले. कॅरिअरचा एक बोल्ट पाव इंच बाहेर आला होता आणि खडखडीत कच्च्या रस्त्यावर सहा लिटरची पिशवी त्याच्यावर चार तास घासत होती. मला काहीच कळलं नाही, कारण थेंब तापलेल्या चाकावर पडून तिथंच वाळत होते आणि मागे मातीत ओलीचा मागही उमटत नव्हता. थांबून बॅग उचलली तर ती हलकी लागली. आत दीड लिटरच्या आसपास उरलं होतं. भोकावर अंगठा दाबून ते पाणी रिकाम्या बाटलीत ओतताना हात इतका थरथरत होता की त्यातलंही थोडं सांडलं. पुढच्या फोर्कला दीड-दीड लिटरच्या दोन कडक बाटल्या बांधलेल्या होत्या. त्यांच्या जोरावर मी परत फिरू शकले.

तेव्हापासून किमान चार वेगळी भांडी, त्यातली दोन कडक. राखीव पाणी कडक बाटलीत, बूच चिकटपट्टीनं बंद केलेलं. पिशव्या जाड कापडात गुंडाळून आणि शक्य तितक्या खाली ठेवायच्या. उंचावरच्या वजनानं सायकल वळणावर डगमगते आणि उतारावर हाताबाहेर जाते. पिण्याच्या बाटलीवर ओला मोजा चढवलात तर कोरड्या वाऱ्यात पाणी बऱ्यापैकी गार राहतं. दमट हवेत याचा उपयोग होत नाही.

पाणी जपायचं म्हणून घोट-घोटच प्यावं का?

नाही. बाटलीत पाणी शिल्लक असताना उष्माघातानं माणसं दगावलेली आहेत. जपायचा तो घाम: उन्हात कमी हला, सावलीत थांबा, अंग झाका. तहान लागली की मात्र पोटभर प्या.

याची दुसरी बाजूही तितकीच धोक्याची आहे. तासन्‌तास फक्त साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम खाली येतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, पुढे गोंधळल्यासारखं होतं. ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच वाटतात आणि माणूस आणखी पाणी पितो. लघवी पाण्यासारखी पांढरी, वारंवार होत असेल आणि अंगठी बोटात रुतायला लागली असेल, तर पाणी थांबवून खारं काहीतरी खा. तासाला सव्वा लिटरच्या वर प्यायचंच नाही, हा नियम मी कितीही तहान लागली तरी पाळते.

ओआरएसची पाकिटं रोज दोन-तीन या हिशेबानं बरोबर असू द्या. ती संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर उलटी होते.

परत फिरायचं कधी, हे कसं ठरवायचं?

मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय ते इथं. उष्णता आधी पाय थकवत नाही, आधी निर्णय बिघडवते. दुपारी दोन वाजता ‘अजून दहाच किलोमीटर’ म्हणणारा माणूस आणि पहाटे चार वाजता नकाशा बघणारा माणूस यांचं डोकं सारखं नसतं. सोबतीला कुणी असेल तर तो अडवतो. एकट्याला अडवणारं कुणी नाही. म्हणून निर्णय गार डोक्यानं, पहाटेच घेऊन ठेवायचा आणि दुपारी फक्त पाळायचा.

मी कागदाच्या तुकड्यावर तीन ओळी लिहून हँडलच्या बॅगेवर चिकटवते. उदाहरणार्थ: ‘९ वाजता पाणी ७ लिटरच्या खाली, तर परत. १० वाजता जिथं असेन तिथं सावली. पुढची टाकी कोरडी निघाली तर त्याच रात्री परत, पुढे नाही.’ दुपारी त्या ओळींवर पुनर्विचार करायचा नाही. कारण कितीही पटण्यासारखं वाटलं तरी नाही.

ज्या रस्त्यानं गेलो त्याच रस्त्यानं परतायचं असेल तर पाण्याचे तीन भाग करा. एक जायला, एक यायला, एक न शिवायचा. पुष्कळ जण अर्धं संपल्यावर फिरतात. पण परतताना ऊन चढलेलं असतं, अंग दमलेलं असतं, वारा कदाचित तोंडावर असतो, आणि त्याच अंतराला जास्त पाणी लागतं.

दिवस कसा आखायचा?

पहाटे साडेतीनला उठून चारला चाकावर, पहिला दीड-दोन तास दिव्याच्या उजेडात. दहाच्या आत मुक्काम किंवा सावली. संध्याकाळी उन्हं कलल्यावर आणखी दीड तास, पण अंधारात तंबूची जागा शोधायची वेळ येणार नाही एवढंच.

सूर्य डोक्यावर येतो बाराच्या सुमारास, पण हवा सर्वात तापते ती दोन ते चारच्या दरम्यान. बारा वाजता बरं वाटतंय म्हणून निघालेले लोक तिथं फसतात. हवेचं तापमान कातडीच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा वर गेलं की वारा अंग गार करत नाही, उलट ऊब देतो. मग घाम वाळणं हा एकच मार्ग उरतो. कोरड्या हवेत तो इतका भराभर वाळतो की घाम येतोय हेच जाणवत नाही. शर्ट कोरडाच असतो, पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उठतात ते संध्याकाळी दिसतात.

काही दिवसांत शरीराला सवय होते ना?

होते. रोज तास-दीड तास उष्णतेत व्यायाम केला तर आठवड्याभरात बराच फरक पडतो आणि दहा ते चौदा दिवसांत सवय बऱ्यापैकी पुरी होते. नाडी कमी चढते, घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. गार जागी परतलात की दोन-तीन आठवड्यांत ही कमाई ओसरते. इथं एक गैरसमज फार पसरलेला आहे: सवय झाली की पाणी कमी लागतं. सवय झालेल्या माणसाला घाम *जास्त* येतो, म्हणून पाणीही जास्त लागतं.

सावलीच नसेल तर?

सावली बरोबर न्यायची. फिक्या रंगाची किंवा चंदेरी ताडपत्री, दोन बाय तीन मीटरची. सायकल उलटी उभी करून किंवा काठीला बांधून ती ताणा, पण चारही बाजू उघड्या ठेवा. दोन पदर वीतभर अंतरानं लावता आले तर वरचा तापतो आणि खालचा बराच गार राहतो. दुपारी बंद तंबूत शिरू नका, तो भट्टी होतो. उघडी वाळू उन्हात ६० अंशांच्या पुढे तापते, म्हणून वरची तापलेली माती हातानं बाजूला सारून मगच अंथरूण घाला.

उष्माघात होतोय हे एकट्याला कळणार कसं?

पुढे गेलेला उष्माघात एकट्याला कळत नाही, कळला तरी करायला हात चालत नाहीत. म्हणून त्याच्या दोन पायऱ्या आधीच थांबायचं. भर उन्हात अंगावर काटा येणं, थंडी वाजणं, डोकं ठणकणं, मळमळ, पायात गोळे, विनाकारण चिडचिड, सायकल सरळ न चालणं. यातलं एक जरी दिसलं तरी तिथंच थांबा.

मी दर अर्ध्या तासानं एक परीक्षा घेते: १०० मधून ७ वजा करत पाच पायऱ्या खाली यायचं आणि उरलेल्या बाटल्या न बघता सांगायच्या. एकदा मी ९३ नंतर बराच वेळ अडकले आणि मला त्याचा रागच आला. तो राग हीच खूण होती. सावलीत बसून शर्ट भिजवला, तासाभरानं तोच हिशेब सरळ सुटला.

थांबल्यावर: सावली, कपडे सैल, डोक्यावर आणि छातीवर पाणी ओतून वारा घ्यायचा. अंगावर ओतलेलं पाणी वाया गेलं असं समजू नका. तासाभरात बरं वाटलं नाही, उलट्या होत राहिल्या किंवा भान हरपतंय असं वाटलं तर आपत्कालीन यंत्राचं (उपग्रहावरून मदत मागणारं, त्याबद्दल पुढे) बटण *लगेच* दाबा. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर आणि मेंदूवर परिणाम, हा उष्माघात. यात मिनिटं मोजावी लागतात. श्रमातून झालेल्या उष्माघातात घाम चालूही असू शकतो, त्यामुळे ‘घाम येतोय म्हणजे ठीक आहे’ हे खरं नाही. पॅरासिटामॉलनं हे तापमान उतरत नाही. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्यांमुळे उष्णता जास्त बाधते. अशा गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

वाटेत मिळालेलं पाणी कसं वापरायचं?

गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या आणि कापडातून गाळा, नाहीतर फिल्टर तासाभरात गच्च होतो. मग फिल्टर, नंतर क्लोरीनची गोळी किंवा उकळणं. दोन्ही पायऱ्या करा: बहुतेक पोकळ तंतूंचे फिल्टर जिवाणू अडवतात, विषाणू नाही. काहीच नसेल तर स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत निवळलेलं पाणी सहा तास कडक उन्हात आडवं ठेवा. ढग असतील तर दोन दिवस.

खारेपणा, आर्सेनिक, नायट्रेट, कीटकनाशकं यातलं काहीही अशा फिल्टरनं किंवा उकळून जात नाही. निळसर-हिरवी साय आलेलं पाणी उकळलं तरी विषारीच राहतं. आजूबाजूला किडा-मुंगी, पक्षी, पावलांचे ठसे काहीच नाहीत असा डबका मी सोडून देते. पाणवठ्यावर तंबू टाकू नका, निदान शंभर पावलं लांब जा. रात्री तिथं येणाऱ्या जनावरांना दुसरं पाणी नसतं.

सायकल कोणती हवी?

रुंद टायरची. कच्च्या रस्त्याला दोन इंचांच्या वर, मऊ वाळूला तीन आणि शक्य तर चार. हवा कमी करायला घाबरू नका. चार इंची टायर वाळूत दहा पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) खाली चालवतात. बाकी, साधी पोलादी फ्रेम आणि सहज मिळणारे सुटे भाग असले की पुरे.

काटे आणि पंक्चर?

ट्यूबलेस टायर आणि सीलंट (टायरमधलं भोक आतून बुजवणारा द्रव) काटेरी रानात फार उपयोगी पडतं, पण उष्णतेत सीलंट भराभर सुकतं. निघण्यापूर्वी नवं भरा आणि एक बाटली बरोबर ठेवा. रुतलेला काटा लगेच उपटू नका, भोक त्यानंच बुजवलेलं असतं. गोंदाशिवायचे तयार ठिगळ तापलेल्या ट्यूबवरून सुटतात. सोल्युशन लावून चिकटवायचं जुनं ठिगळच घ्या, तेही सावलीत आणि ट्यूब गार झाल्यावर. दोन ट्यूब जादा, पंप एक आणि त्याचा वायसर वेगळा.

मोडतोडीसाठी काय न्यावं?

चेनचा तुकडा आणि दोन क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या), मागच्या गिअरचा हँगर (गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा), चार स्पोक, ब्रेक पॅड, केबल, टायर फाटला तर आतून लावायला जाड तुकडा, कॅरिअरचे बोल्ट, झिप टाय, थोडी तार. आडव्या लाटा पडलेल्या रस्त्यावर बोल्ट सुटतात आणि कॅरिअर मोडतं, म्हणून रोज संध्याकाळी पाना घेऊन सगळ्या बोल्टांवरून एकदा हात फिरवायचा. चेनला ओलं तेल नको, त्यात वाळू चिकटून घोटकागद तयार होतो. मेणाचं किंवा कोरडं वंगण लावा.

मोबाइलला रेंज नसेल तर संपर्क कसा?

उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र, किंवा ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारा आपत्कालीन बीकन. पहिल्यावरून बोलता-विचारता येतं. दुसरा फक्त ‘वाचवा’ एवढंच सांगतो, पण त्याला मासिक वर्गणी लागत नाही आणि बॅटरी वर्षानुवर्षं टिकते. काही देशांत अशी यंत्रं परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, आधी चौकशी करा. यंत्र सायकलवर नको, अंगावर हवं. सायकल दरीत गेली तर यंत्रही जाईल.

घरी एका माणसाजवळ मार्ग, रोजचे मुक्काम आणि एक ठाम वेळ लिहून ठेवा: ‘अमुक दिवशी रात्री आठपर्यंत निरोप आला नाही तर या क्रमांकावर कळव.’ नुसतं ‘काळजी करू नकोस’ म्हणून निघालात तर शोध कधी सुरू करायचा हे त्या माणसाला ठरवता येत नाही.

लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. सोलर पॅनल उन्हात आणि पॉवर बँक त्याच्याच खाली सावलीत ठेवा.

सायकल मोडली किंवा वाट चुकली तर चालत निघावं का?

दिवसा नाही. सायकलीजवळ आणि रस्त्याजवळ थांबा, ताडपत्री पसरा, बटण दाबा. चालणारा माणूस वरून दिसत नाही, पसरलेली चंदेरी ताडपत्री लांबून दिसते. आरसा आणि शिट्टी बरोबर ठेवा, तीन वेळा केलेली कुठलीही खूण मदतीची समजली जाते. पाणी किती अंतरावर आहे हे नक्की माहीत असेल आणि तिथवर पुरेल एवढं हाताशी असेल, तरच निघा, तेही रात्री, खुणेची चिठ्ठी सायकलला बांधून.

तंबू कुठं टाकावा? साप-विंचवांचं काय?

कोरड्या ओढ्याच्या पात्रात नाही, ती सपाट मऊ वाळू कितीही बोलावत असली तरी. डोंगरात कुठंतरी पडलेल्या पावसाचा लोंढा निरभ्र आभाळाखाली तुमच्या अंगावर येतो. थोड्या उंचवट्यावर, वाळक्या फांद्यांपासून दूर झोपा. दिवसा भाजणारं रान रात्री कुडकुडवतं, म्हणून पातळ का होईना, पांघरूण न्याच.

आतली जाळी पूर्ण बंद करून झोपलात तर विंचू-सापाचा प्रश्न बराचसा मिटतो. बूट आणि हेल्मेट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, दगडाखाली बोटं घालायची नाहीत. अतिनील टॉर्चच्या उजेडात विंचू हिरवट चमकतात, तंबूभोवती एक फेरी मारा. साप चावला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही नको. अंगठी-घड्याळ काढा, बटण दाबा, तो हात-पाय न हलवता पडून राहा. पट्टी बांधावी की नाही हे त्या भागातल्या सापांवर ठरतं, ते आधीच शिकून जा.

जेवणाचं काय करावं?

शिजवायला पाणी कमी लागेल असं. उन्हात भूक मरते, म्हणून पहाटे आणि रात्री पोटभर जेवून दुपारी खारे दाणे, सुकी फळं असं चघळत राहते. वाळल्या गवतात चूल पेटवू नका. गॅसचा डबा उन्हात ठेवू नका.

बाईनं एकटीनं जावं का?

मी जाते. निर्मनुष्य जागी मला माणसांची भीती वाटत नाही, ती वस्तीच्या कडेला वाटते. म्हणून वस्तीपासून पाच-सहा किलोमीटर पुढे जाऊन, रस्त्यावरून तंबू दिसणार नाही अशा आडोशाला, मागे कुणी येत नाहीये याची खात्री करून आत वळते. मुक्काम कुठं आहे हे वाटेत कुणालाच सांगत नाही. पाळी आली तर पाण्याचा हिशेब लिटरभर वाढवते आणि वापरलेलं सगळं घट्ट पिशवीत परत आणते.

पहिल्यांदाच जायचंय, सुरुवात कशी करू?

एक रात्र, पाणी दर २५-३० किलोमीटरवर आहे अशा रस्त्यावर, पण सामान आणि पाणी पुऱ्या प्रवासाचं लादून. त्या वजनानं सायकल कशी वागते हे घराजवळ कळलेलं बरं.

त्याआधी एक काम करा. गरम दिवशी कपडे काढून वजन करा, सामान लादून तासभर सायकल चालवा, मध्ये किती पाणी प्यायलात ते मोजा, अंग पुसून पुन्हा वजन करा. जेवढे किलो कमी झाले त्यात प्यायलेले लिटर मिळवा. तो तुमचा ताशी घाम. माझा त्या वेळी १.१ लिटर निघाला होता. तुमचा आकडा आला की वर पहिल्या उत्तरात सकाळच्या तासांना धरलेल्या माझ्या ताशी एक लिटरच्या जागी तो घाला आणि हिशेब पुन्हा मांडा.